चौदावा रकाना

३ मार्च, सोमवार

टिटवे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही. कुणीतरी खिडकीशी यावं, बघावं आणि पडदा ओढून घ्यावा तसं. म्हणून कागद घेतला. कागद फाडायला निदान हात लावावा लागतो.

वर्ष उलटून गेलं. परवा आत्या सांगत होती, तू विमा कंपनीत लागलीस, तक्रारींना उत्तरं लिहायचं काम. तिच्याच शब्दांत सांगतो. "दादा, तुझी लेक दिवसातून ऐंशी वेळा 'आम्ही दिलगीर आहोत' लिहिते. जन्मात कधी तुझी माफी मागितली नाही तिनं, आता अख्ख्या गावाची मागते." मी हसलो. आत्यालाही हसूच हवं होतं. फोन ठेवल्यावर मात्र खुर्चीतून उठवेना.

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा दिवसा आई नोकरीवर, घरी सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून तुला शाळेत न्यायचो. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर, पाय जमिनीला न टेकणारी तू. मी इंग्रजी कविता वाचायचो आणि एका अक्षराचा अर्थ न कळता तू ती अख्खी उचलायचीस, आणि घरी येऊन आईला स्वयंपाकघरात चढ्या आवाजात ऐकवायचीस. "ही टिटवी ओरडायला लागली की माझं मीठ चुकतं," असं ती म्हणायची. खडूची धूळ, उन्हाचा पट्टा, चाळीस खाली वाकलेली डोकी आणि मागून येणारा तुझा तो आवाज. आजही दुपारी डोळे मिटले की ऐकू येतो. असो. म्हातारा भरकटला.

सोबत कात्रण आहे. माझ्या इथून दोन थांब्यांवरचं कॉलेज. इंग्रजी साहित्य, कायम जागा, आणि पुढे छापलंय ते बघ: 'केवळ अध्यापनासाठी'. शोधनिबंधांची यादी नको, परिषदा नकोत. वर्गात उभं राहून शिकवणारा माणूस हवाय. अकरा वर्षं तू जिची वाट बघितलीस तीच जागा. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं करताना, बसस्टॉपवर उभ्यानं डबा खाताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनकामाची होताना तू म्हणायचीस, "बाबा, मला संशोधक नाही व्हायचं हो. मला फक्त वर्ग द्या कुणीतरी."

अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च. वयाची अट चाळीस, आणि तुला मे महिन्यात चाळीस पूर्ण होतात. पुन्हा कधी अशी जागा निघाली तरी ती तुझ्यासाठी नसेल. अर्जाचा नमुना मी स्वतः जाऊन आणला, तोही जोडलाय. आठ पानी आहे. मी वाचत बसलो नाही. असल्या कागदांत तुझं डोकं माझ्यापेक्षा चालतं.

मागच्या वर्षीच्या मुलाखतीचं तू विसरलेली नाहीस, ठाऊक आहे. कविता वाचून झाली की गप्प राहायचं, वर्गातलं कुणीतरी आपणहून बोलेपर्यंत शिक्षकानं तोंड उघडायचं नाही, ही माझी पद्धत. तू माझ्याकडून उचललीस आणि निवड समितीसमोर करून दाखवलीस. "बाबा, तुमच्या त्या मौनानं मला बुडवलं," हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. बरोबर आहे. दोष माझा. मी तो घेतला आहे.

अर्ज भर. एवढंच मागतो.

तुझा बाबा


९ मार्च, रविवार

टिटवे,

तुझं पाकीट आलं. आधी वाटलं माझंच परत आलं. आत पाच ओळी. त्या इथे उतरवून काढतो, कारण त्यांना एकेक करून उत्तर द्यायचं म्हटलं तर मला अजूनही फळा समोर लागतो.

'बाबा, मी अर्ज भरणार नाही. मला शिकवता येत नाही. हे मी म्हणत नाही, पाच जाणत्या माणसांनी एकमतानं ठरवलं. अकरा वर्षं मुलांनी सहन केलं, एवढाच त्याचा अर्थ. इथे मी बरी आहे.'

मी बरी आहे! आईही शेवटच्या महिन्यात असंच म्हणायची.

त्या दिवसाचं तू मला जे सांगितलं होतंस ते मला जसंच्या तसं आठवतं. पाच खुर्च्या, वीस विद्यार्थी, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. बंद घरातल्या घड्याळांना किल्ली द्यायला रोज येणाऱ्या माणसाची ती बारा ओळींची कविता तू वाचलीस आणि गप्प राहिलीस. समितीतला एक जण खोकला. एकानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. एक बाई वाकून शेजारच्याच्या कानात काही बोलल्या. तुला वाटलं, ही विसरली असं समजतायत. तरी तू थांबलीस. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, परत एकदा वाचाल?" आणि तू म्हणतेस, तिला तुझी कीव आली.

कीव! अगं, तुला किती वर्गांचा अनुभव, आणि वीस वर्षांची मुलगी 'परत वाचा' कधी म्हणते ते तुला मी सांगायचं? सदतीस वर्षांत मला हे शब्द सहा-सात वेळा मिळाले असतील. त्यातला प्रत्येक दिवस लक्षात आहे.

पण मी कोण सांगणारा. मी वर्गात नव्हतो, खोलीबाहेरही नव्हतो. घरी होतो आणि, खरं सांगायचं तर, फार निवांत होतो. माझी एक खात्री होती. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तू अर्ज भर, टिटवे. निवड झाली नाही याची शंभर कारणं असतात. माणसं काय फक्त शिकवण्यावरून ठरवतात? कुणाचा भाचा असतो, कुणाला गावातलाच हवा असतो. तू सगळं स्वतःच्या अंगावर का ओढून घेतेस?

 

बाबा


१५ मार्च, शनिवार

टिटवे,

आत्या काल तुझ्याकडे येऊन गेली म्हणे. अर्ज टेबलावर होता, त्यावर तू चहाचा कप ठेवला होतास. "गोल डाग पडलाय पहिल्या पानावर," असं ती म्हणाली. मला त्यातही आशा वाटली. फेकला तर नाही.

आज थोडकंच लिहितो. समितीला तुझं ते मौन आवडलं होतं. नुसतं आवडलं नव्हतं. त्या दिवशी आलेल्या नऊ उमेदवारांत तुझा पाठ पहिला आला होता. मला हे माहीत आहे. ऐकीव नाही, अंदाज नाही.

कसं माहीत, ते विचारू नकोस. म्हाताऱ्या मास्तरांना गावभर जुने विद्यार्थी असतात, कुठून ना कुठून कानावर येतं. एवढं धरून चाल आणि अर्जाचा पुढचा कागद काढ. पहिल्या पानाची नवी प्रत हवी असेल तर मी आणून देतो. तिथला कारकून मला आता ओळखतो. "आजोबा, तुम्हीच भरताय की काय जागा?" म्हणून विचारतो.

सोळा दिवस उरलेत.

बाबा


१९ मार्च, बुधवार

टिटवे,

सोमवारी फोनवर तुझे दोन शब्द आले. फोनवरचे वर्षभरातले पहिले. 'कोणी सांगितलं?'

दोन दिवस त्या शब्दांकडे बघतोय. आज लिहून टाकतो, कारण उद्यावर ढकललं तर मी पुन्हा उन्हाचा पट्टा आणि खडूची धूळ लिहीत बसेन.

तुला मॉनिटरची गोष्ट माहीत आहे. लहानपणी तूच ती दहादा सांगायला लावायचीस. आठवीतली एक मुलगी, वर्गाची मॉनिटर. मी बाहेर गेलो की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. एक दिवस परत आलो तर फळ्यावर एकच नाव, तिचं स्वतःचं. "सर, आज फक्त मीच बोलले." मी तिला सगळ्या शाळेसमोर उभं करून शाबासकी दिली होती. ती मुलगी आता पंचावन्नची आहे. तू मुलाखतीला गेलीस त्या कॉलेजात इंग्रजीची विभागप्रमुख. तुला ती आडनावानं माहीत होती, लग्नानंतरच्या. तू समितीचं माहितीपत्रक घरी आणलंस, त्यातल्या फोटोवरून मी तिला ओळखलं. तुला बोललो नाही.

मी तिला पत्र लिहिलं. नऊ पानं.

आता खोटं एकेक करून खोडतो, मागच्या पत्रांत लिहिलेलं आणि लिहायचं ठरवलेलंही. मी म्हणणार होतो की मला नियम माहीत नव्हता. माहीत होता. 'उमेदवाराने अथवा त्याच्या वतीने अन्य कोणीही समितीच्या सदस्यांशी संपर्क साधल्यास उमेदवारी रद्द होईल.' तूच ते ठळक वाक्य मला हसत वाचून दाखवलं होतंस, "बघा बाबा, इथे वशिला चालत नाही," म्हणून. मला वाटलं, हे नियम मोठ्यांसाठी. मंत्र्यांचे फोन येतात, त्यांच्यासाठी. निवृत्त मास्तरानं जुन्या विद्यार्थिनीला लिहिलेल्या पत्राला कोण वशिला म्हणेल? आठ पानं नुसत्या आठवणी होत्या. कोणत्या कवितेला ती रडली होती, कोणती तिनं खिडकीतून बाहेर बघत म्हटली होती. मला लिहिताना फार बरं वाटत होतं, टिटवे. इतकं बरं की नवव्या पानावर हात थांबला नाही.

नवव्या पानावरचं वाक्य तुला सांगतो. वर्षभर माझ्या तोंडात ते दातात अडकलेल्या कुसळासारखं आहे. 'तू एकदा स्वतःचं नाव फळ्यावर लिहिलं होतंस. आता एक नाव माझ्यासाठी लिही.' खाली तुझं नाव.

लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलंसुद्धा. लय चांगली जमली असं वाटलं.

तुझा पाठ गुरुवारी झाला. पत्र शुक्रवारी पोचलं. यादीवर सह्या शनिवारी व्हायच्या होत्या.

पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली. तू तेव्हा आत्याकडे निघून गेली होतीस. खुर्चीच्या कडेवर बसली, शाळेत बसायची तशी. चहा घेतला नाही.

"सर, मी ते पत्र समितीपुढे ठेवलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "का गं? फाडून टाकायचंस. म्हाताऱ्याची बडबड."

"तीच अडचण होती. तुमची मुलगी सगळ्यांत वर होती. मीच ठेवलं होतं तिला वर, पत्र यायच्या आदल्या दिवशी. कविता वाचून ती थांबली ना, मी शेजारच्या सरांच्या कानात म्हटलं, आपली शोधाशोध संपली. आणि मागच्या मुलीनं परत वाचायला सांगितलं तेव्हा टोपणाशी चाळा करणाऱ्या सरांनीसुद्धा पेन खाली ठेवलं. मग शुक्रवारी पत्र. आता ते मी खिशात घातलं असतं तर पुढे कधीतरी निघालं असतं, सर. तिच्या नोकरीला जन्मभर वास आला असता."

"म्हणून तिला काढलंस?"

"मी नाही काढलं. नियमानं निघाली. सर, रागवू नका, पण तुम्ही नववं पान लिहिलं नसतं तर तुमची मुलगी आज माझ्या शेजारच्या खोलीत बसली असती. तिला कशाचीच गरज नव्हती."

मी विचारलं की कागदोपत्री काय नोंद आहे. ती म्हणाली, समितीच्या कामकाजात लिहिलंय: 'बाहेरून दबाव आणल्याच्या कारणावरून अपात्र.' उमेदवाराला कारण कळवायची पद्धत नाही, म्हणून तुला फक्त 'निवड होऊ शकली नाही' एवढंच आलं.

जाताना दारात ती म्हणाली, "तिला सांगा, सर. नाहीतर ती भलतंच काहीतरी समजून बसेल." मी म्हटलं, सांगतो. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, 'तुमच्या त्या मौनानं मला बुडवलं.' त्या क्षणी मला काय वाटलं हे लिहिण्याइतका मी अजून नीट माणूस झालेलो नाही, पण लिहितो. मला हायसं वाटलं. तू मला दोष दिलास, पण दुसऱ्याच गोष्टीचा. तो दोष घेणं सोपं होतं, त्यात थोडा रुबाबही होता. चुकीच्या काळातला चांगला शिक्षक, वगैरे. मी मूग गिळून बसलो, आणि तू तिकडे स्वतःला उत्तरं लिहायच्या खुर्चीत बसवलंस.

तुला शिकवता येतं. पाच जणांनी एकमतानं ठरवलं होतं की तुला शिकवता येतं. तुझ्या आड मी आलो.

हे पत्र रजिस्टर करून पाठवतो. बारा दिवस आहेत. माझ्याशी बोलू नकोस, पण अर्ज भर.

बाबा


२९ मार्च, शनिवार

टिटवे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मला शिव्या असतील असं वाटलं होतं. त्या नाहीत. एका प्रश्नाची नक्कल आहे, आणि खाली तुझं टिपण.

'रकाना चौदा. यापूर्वी कोणत्याही निवड समितीने आपणांस अपात्र ठरविले आहे काय? असल्यास कारणासह तपशील द्यावा.'

आणि खाली तू लिहिलंयस, 'तुमचं पत्र येईपर्यंत इथे मी "नाही" लिहिलं असतं आणि ते खरं असतं.'

आठ पानी नमुना मीच आणला, मीच पाकिटात घातला, आणि वाचला नाही. वाचला असता तर? तर कदाचित तुला खरं कधीच सांगितलं नसतं. की सांगितलं असतं?

ऐक. 'नाही' लिही.

हो, मीच सांगतोय. वर्गात खोटं बोलणाऱ्याला अर्धा तास उभा करणारा मी. तुझ्याकडे कोणता कागद आहे? तुला आलेल्या पत्रात अपात्र हा शब्दच नाही. त्या कामकाजाची वही कोण उघडणार? मॉनिटर काही त्या कॉलेजात जाऊन सांगणार नाही. तुला हे ठाऊक आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? आणि मी ते पत्र लिहिलंच नाही असं समज. चुलीत घाल, फाड. म्हाताऱ्यानं काहीतरी रचून सांगितलं असं समज. एवढ्या ओळी मी आयुष्यभर तोंडपाठ केल्या, त्यातली एखादी कथा डोक्यात शिरली असेल म्हण.

दोन अक्षरं आहेत, टिटवे. त्या दोन अक्षरांच्या पलीकडे एक वर्ग आहे, तीस वर्षं पुरेल असा. त्या मुलांना तुझा चौदावा रकाना कधी दिसणार नाही. त्यांना फक्त तू कविता वाचताना दिसशील.

सोमवारी पाच वाजता खिडकी बंद होते. मी कारकुनाला विचारून ठेवलंय. कुणासाठी ते बोललो नाही, शपथ.

बाबा


११ जून, बुधवार

टिटवे,

हे पत्र तुला मिळणार नाही, तेव्हा सावकाश लिहायला हरकत नाही.

तुझं पाकीट मागच्या आठवड्यात आलं. त्यात माझं २९ मार्चचं पत्र होतं, घडीवर घडी घालून, आणि एक चिठ्ठी. 'चौदाव्या रकान्यात "होय" लिहिलं. तपशील म्हणून तुमचं १९ मार्चचं पत्र जोडलं. हे दुसरं जोडलं नाही, तुमचं तुम्ही ठेवा. अर्ज छाननीतच बाद झाला. या वेळी कारण लेखी कळवलंय. ते कारण मी नव्हे, एवढं मला पुरे. माझ्या पाठांच्या टिपणवह्या तुमच्याकडे माळ्यावर आहेत, त्या पाठवा. आत पत्र घालू नका.'

म्हणजे माझं पत्र पुन्हा एका समितीनं वाचलं. नवव्या पानाचं ते वाक्य, हायसं वाटल्याचं वाक्य, सगळं. कुठल्या तरी कार्यालयात शिक्का मारून, भोक पाडून, फायलीत लावलं असेल. कळलं असतं तर मी ते साधं लिहिलं असतं. दातातलं कुसळ, फळ्यावरचं नाव, हे सगळं गाळून चार ओळी. छाननी करणाऱ्याला कंटाळा आला असेल. कदाचित शेवटपर्यंत वाचलंही नसेल. 'होय' दिसलं आणि बाजूला ठेवलं. तेच जास्त खरं वाटतं.

तुझा वाढदिवस होऊन गेला. चाळीस.

आत्याचा काल फोन आला होता. तू तिला माझ्याबद्दल विचारत नाहीस, हे तिनं न विचारता सांगितलं. मग म्हणाली, "कंपनीनं तिला नव्या भरतीच्या पोरांना शिकवायला लावलंय. काय शिकवायचं, तर इंग्रजीत दिलगिरी कशी लिहायची! पहिल्या दिवशी तिनं कविताच वाचली म्हणे. साहेब दारात येऊन उभा राहिला, घड्याळ बघत."

मी विचारलं, "मग काय झालं?"

"मग काय होणार? दुसऱ्या दिवसापासून दिलगिरी. पण पोरं थांबतात म्हणे जेवणाच्या सुट्टीत, कविता ऐकायला. दादा, तू रडतोयस की काय?"

"सर्दी आहे," मी म्हटलं.

वह्या उतरवायला शेजारच्यांची शिडी मागून आणली. सतरा निघाल्या. एका वहीवर मांजरानं कधीतरी नखं ओढलीत, बाकी धड आहेत. मी त्या उघडायच्या नाहीत असं ठरवलं होतं. एक उघडली. तिसऱ्या पानावर समासात तुझं बारीक अक्षर: 'इथे थांबायचं. घाई करायची नाही. कुणीतरी बोलेल.' मी वही मिटली. त्याखाली काहीतरी लिहावंसं वाटलं, नेहमीप्रमाणे. लिहिलं नाही.

खोक्यात वह्या बसल्या, वर वर्तमानपत्र कोंबलं, सुतळी बांधली. मग त्या बांधलेल्या खोक्याकडे बघत तासभर बसलो. अशा वेळी माणूस काय काय ठरवतो! एखादी ओळ घालावी. नुसता 'आशीर्वाद' लिहावा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं तर ते पत्र थोडंच? अशीच सुरुवात नऊ पानांचीही झाली होती. सुतळी सोडली नाही.

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं, हलवून बघितलं.

"काय आहे आत?"

"वह्या. जुन्या."

"पत्रबित्र नाही ना आत? पत्र असेल तर दर वेगळा लागतो."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, सांगा लवकर."

"नाही," मी म्हटलं. "पत्र नाही."

बाईंनी शिक्का मारला आणि खोकं मागे सरकवलं.

बाबा